रंगाचा पातळ हात

पेण,
जानेवारी २०२६

चि. मुक्ता,

‘एअरब्रश नुसता थुंकतोय हो आजोबा’ असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि मी ‘पत्रानं कळवतो’ म्हटल्यावर हसलीस. हस बापडी. पण फोनवर तू मला तीन वाक्यं बोलू देतेस आणि चौथं सुरू व्हायच्या आत ‘कळलं, कळलं’ म्हणतेस. कागदाला तसं करता येत नाही. तेव्हा चहा घेऊन बस, मोबाइल आतल्या खोलीत ठेव आणि सावकाश वाच.

आधी आनंदाचं. दहावीच्या वर्षी तू तुझी विमानं, चिमटे, कानशी, चिकटवायच्या बाटल्या असं सगळं एका खोक्यात भरून माळ्यावर टाकलंस तेव्हा तुझी आजी म्हणाली होती, पोर मोठी झाली. मला काही ते पटलं नव्हतं. बारीक कामाची गोडी एकदा बोटांना लागली की जात नाही, अभ्यास आणि नोकरीच्या खाली दबून राहते इतकंच. आता बामणडोंगरीहून रोज लोकल धरणारी आणि दमून घरी येणारी आमची मुक्ता स्वतःच्या पगारातून कॉम्प्रेसर आणते आणि पुन्हा विमान जोडायला बसते हे कळल्यावर मी आजीला म्हटलं, बघ. (ती म्हणाली, आधी तिच्या लग्नाचं बघा. तू तिकडे लक्ष देऊ नकोस.)

आणि पुन्हा सुरुवात करायला तू मिग-२१ घेतलंस याचं मला फार बरं वाटलं. २६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलानं त्याला निरोप दिला तेव्हा आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून होतो. १९६३ साली आलेलं हे विमान, बासष्ट वर्षं राबलं, आणि त्यातली कितीतरी आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधलेली. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सात मीटर आणि वर पंधरा सेंटिमीटर. शाळेत असताना तू केलंस ते बहात्तराव्या हिश्शाचं, जेमतेम दहा सेंटिमीटरचं. ते अजून आमच्या कपाटावर आहे आणि दर दिवाळीला मी ते मऊ ब्रशनं झाडतो. आताचं अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या आतबाहेर. बहात्तरच का, असं मी तेव्हा विचारलं होतं, आणि फ्रॉकमधल्या तूच मला समजावलं होतंस की इंग्रजी मापात सहा फुटांना एक इंच धरला की बहात्तर येतात, आणि १९३२ साली इंग्लंडात ‘स्कायबर्ड्स’ नावाची लाकडी विमानं निघाली तेव्हापासून ते माप रुळलं. मी विसरलेलो नाही. त्याच जोरावर परवा पाठकोऱ्या कागदावर एक हिशेब केला. तुमच्या उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटरची. ती तुझ्या आताच्या मापात आणली तरी सत्त्याहत्तर मीटर होते, म्हणजे तुमच्या सोसायटीच्या आवारात काही मावणार नाही.

गंमत म्हणून हिशेब केला, पण त्यातून कामाचं एक निघालं. माप सगळ्यालाच लागू होतं, रंगालासुद्धा. तुझ्या विमानावर रंगाचा थर मिलिमीटरच्या एक दशांश इतका जाड बसला, तर खऱ्या मिगवर कुणी जवळजवळ पाच मिलिमीटर जाड लेप थापल्यासारखं ते दिसेल. मग पत्र्याच्या जोडरेषा बुजतात, रिव्हेटांचे ठिपके भरून जातात आणि नेटकं जोडलेलं विमान खेळण्यातलं वाटायला लागतं. तुझ्या लहानपणच्या मिगवर ब्रशनं मारलेला रंग असाच जाड आहे. मला तो तसाच आवडतो, पण तुला आता तो आवडत नाही म्हणून तर तू हे यंत्र आणलंस. मग बाय, यंत्र आणून रंग पुन्हा जाडच मारायचा असेल तर पैसे का घातले?

मी जन्मभर गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलं हे तुला माहीत आहे. लहानपणी ब्रश धुण्यापासून सुरुवात केली, पुढे कॉम्प्रेसर आणि गन आली आणि मूर्तीच्या अंगाचा रंग गननं मारायला लागलो. तुझ्या एअरब्रशचं आणि आमच्या गनचं तत्त्व एकच. बारीक तोंडातून वारा जोरानं जातो, तिथला दाब उतरतो, रंग ओढला जातो आणि त्याचे कण होतात. अमेरिकेत ॲबनर पीलर नावाच्या माणसानं १८७९ च्या सुमारास असं पहिलं यंत्र केलं, आणि बराच काळ ते फोटोंवर हात फिरवायलाच वापरत. आमची गन मोठी, तुझी सुई दाभणाच्या टोकापेक्षाही बारीक, तोंड ०.३ मिलिमीटरचं. त्यामुळे आमच्याकडे जी चूक खपून जाते ती तुझ्याकडे खपत नाही.

आता थुंकण्याचं. तू थेट सुईला दोष दिलास. सुई बदलण्याआधी हवा बघ. आमच्या कामाचा हंगाम ऐन आषाढ-श्रावणातला, बाहेर पाऊस धो धो आणि आत कॉम्प्रेसर चालू. हवा दाबली की तापते, टाकीत आणि नळीत गेली की गार होते, आणि गार झाली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं. हेच पाणी रंगाबरोबर बाहेर पडतं आणि गणपतीच्या पोटावर टपोरा डाग उठतो. उलव्याला तर एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला जिथे तिथे पाणथळ, पावसाळ्यात तुमच्या घरात मीठसुद्धा कोरडं राहत नाही असं तुझी आईच सांगते. तेव्हा काम संपलं की कॉम्प्रेसरच्या टाकीखालची चावी उघडून पाणी काढायचं. रोज. आळस आला तरी. आणि नळीत पाणी अडवणारी बाटली, तुम्ही तिला मॉइश्चर ट्रॅप म्हणता ती, कॉम्प्रेसरला चिकटून नको, थोडी लांब असावी. तिथपर्यंत हवा गार झालेली असते, म्हणून पाणी तिच्यातच पडतं.

हवा कोरडी असूनही थुंकला तर रंग दाट आहे किंवा सुईच्या टोकावर वाळून बसला आहे. रंग दुधाइतका पातळ हवा, वाटीच्या कडेला लावला की ओघळून मागे पातळ पडदा राहील असा. दाब पंधरा ते वीस पौंड पुरतो. आणि बोटाचा क्रम बांधून घे: आधी हवा सोडायची, मग रंग ओढायचा, थांबताना आधी रंग बंद आणि मग हवा. हात विमानाच्या बाहेर असतानाच सुरू झाला पाहिजे आणि विमान ओलांडून पलीकडे गेल्यावरच थांबला पाहिजे. मध्येच थांबलीस की तिथे तळं झालंच म्हणून समज. हे बोटांना कळायला पाठकोरे कागद घे, त्यांवर ठिपके काढ, मग ठिपके जोडणाऱ्या रेघा काढ, बारीक रेघ पुढे जाड होत जाईल अशी, मग उलटी. माझ्या गुरूंनी मला अख्खा एक हंगाम मूर्तीच्या फक्त पाठीला रंग मारू दिला. पाठ कुणी बघत नाही म्हणून नव्हे, ती पुढच्या बाजूइतकीच नीट होईपर्यंत पुढे यायचं नाही म्हणून. तुला हंगामभर थांब असं मी म्हणत नाही, तुझ्या पिढीचे हंगाम छोटे असतात. पण विमानाच्या आधी कागद, आणि कागदानंतर एखादा प्लॅस्टिकचा जुना चमचा, एवढं तर करशील.

पहाटे उठायचं तुला लहानपणापासून जड जात नाही, हा माझा गुण तुझ्यात आला आहे असं मी सगळ्यांना सांगतो (तुझे बाबा सकाळी आठपर्यंत लोळतात, तो गुण कुणाचा ते मी लिहीत नाही). पण ध्यानात ठेव, पहाटे रंग मारायचा नाही. खाडीकाठी पहाटेची हवा सगळ्यात ओली, आणि काही रंग अशा हवेत वाळताना वर पांढुरकी साय धरतात. पहाट पॉलिश पेपरची. सांध्यावरची पुट्टी चारशे नंबरनं, मग आठशेनं, मग हजारच्या वॉटर पेपरनं पाण्यात बुडवून बुडवून घासायची, साबणाच्या पाण्यानं विमान धुवायचं आणि झाकून ठेवायचं. बाहेर कंटेनरच्या गाड्या आणि बांधकामाचे डंपर धूळ उडवायला लागायच्या आत तुझं धुळीचं काम उरकलेलं असेल. रंग सुट्टीच्या दिवशी, ऊन वर आल्यावर, दहा-अकराच्या सुमारास. पहिला हात असा पातळ की खालचं प्लॅस्टिक दिसलं पाहिजे आणि तुझी तुलाच शंका आली पाहिजे की रंग लागला की नाही. मग थांबायचं. दुसरा हात, मग थांबायचं. माझी सगळी काळजी आहे ती या थांबण्याच्या जागांची. बाकी तू नीटनेटकी आहेस, हात स्थिर आहे, नजर चांगली आहे, एकदा सांगितलेलं विसरत नाहीस. पण ‘रविवारपर्यंत संपवायचंय’ असं तू म्हणालीस ना, तिथे माझ्या पोटात गोळा आला. रविवारी कोण येणार आहे ते विमान घ्यायला?

तुला चंदेरी मिग करायचं आहे, १९६० च्या दशकातलं, रंग न दिलेल्या उघड्या पत्र्याचं. देखणं होईल, पण ते सगळ्यात अवघड काम आहे. धातूचा रंग काहीच लपवत नाही, उलट पॉलिश पेपरचा प्रत्येक ओरखडा वर आणून दाखवतो. त्याच्याखाली चकचकीत काळा रंग आरशासारखा बसला पाहिजे आणि पूर्ण वाळला पाहिजे, नुसता बोटाला कोरडा लागून भागत नाही. इथे मात्र तुला एक पळवाट सांगतो. १९७१ च्या युद्धाच्या वेळी हवाई दलाला ही चंदेरी विमानं उन्हात चमकून शत्रूला दिसतील अशी चिंता पडली, तेव्हा तळांवर हाताला लागेल तो हिरवा-तपकिरी रंग घेऊन त्यांवर पट्टे मारले गेले. एका विमानासारखं दुसरं नाही. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला झाला त्यात मिग-२१ विमानं होती. त्या वेळचे फोटो बघ, कुठे कडा धुरकट, कुठे ब्रशचे फराटे, कुठे खालची चांदी डोकावते आहे. पहिलं विमान असं केलंस तर शिकाऊ हाताचं थोडंफार वेडंवाकडं त्यात शोभून जाईल. त्या लोकांची घाई खरी होती ग, दारात युद्ध होतं. त्यांची घाई तुझ्या विमानावर दिसू दे, तुझी नको.

नाताळच्या दिवसांत मी तुमच्याकडे होतो तेव्हा २५ तारखेला विमानतळ लोकांसाठी सुरू झाला आणि तू मला गॅलरीत खुर्ची टाकून दिलीस. तुला वाटलं आजोबा विमानं मोजतायत. मी रंग बघत होतो. लांबून पांढरं दिसणारं विमान जवळ आलं की पांढरं राहत नाही, पोटाखाली निळसर, इंजिनामागे मळकट, दाराच्या चौकटीभोवती वेगळीच छटा. मूर्तीचंही असंच असतं. अंगाचा रंग एकसारखा मारला तर मूर्ती ठोकळा दिसते, म्हणून बोटांच्या बेचक्यात, कोपराच्या वळणात, सोंडेच्या वळ्यांत आम्ही गडद छटा धरतो. तू जोडरेषांवर आधी काळा रंग मारून वरून पातळ हात देतेस, तो हाच प्रकार.

गॅलरीत बसून आणखीही एक मनात आलं. या विमानतळाची बोलणी १९९७ पासूनची, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. लोक म्हणतात, बघा केवढा धीर धरला. पण त्यासाठी उलव्याचा डोंगर फुटला, नदीचं पात्र वळलं आणि दहा गावं उठली. माझा एक जुना सोबती कोंबडभुज्याचा, हंगामात कारखान्यात यायचा, अंगठ्यानं मातीची अशी कड काढायचा की बघत राहावं. त्याचं घर त्यात गेलं. धीर धरायचा का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. जमिनी गेलेल्यांसाठी लढलेल्या दि. बा. पाटलांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून २०२१ मध्ये आपल्या भागातली हजारो माणसं रस्त्यावर उभी राहिली ती उगाच नाही. तुझी पुट्टी वाळायची वाट बघणं हे किती सुखाचं थांबणं आहे, एवढंच मला म्हणायचं होतं.

आणि हौसेनं थांबलेला माणूस बघायचा तर कांदिवलीचे कॅप्टन अमोल यादव बघ. वैमानिकाची नोकरी सांभाळून त्यांनी चारकोपला घराच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ ला ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलं, आणि त्याची सरकारदरबारी नोंद व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. गच्चीवर विमान! तुझी आई तर जेवणाच्या टेबलावरसुद्धा ठेवू देत नाही.

खर्चाचं बोलू का? रागावू नकोस. तुझ्या कपाटात विमानांचे न उघडलेले पाच-सहा डबे मी पाहिले आहेत. नवीन डबा आणताना जो आनंद होतो तो खरा असतो, पण हातातलं विमान पुरं होत नाही तोवर सातवा आणू नकोस. आणि बऱ्याच गोष्टी विकत आणायच्याच नसतात. भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जडवलेले येतात तिच्या काड्या फेकू नकोस. मेणबत्तीच्या आचेवर काडी मऊ करून दोन्हीकडून सावकाश ओढलीस की केसाइतकी तार निघते, ती अँटेनाला लाव. भाग चिकटेपर्यंत धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे. रंग कालवायला औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकेका खळग्यात एकेक छटा. माझा रक्तदाब तुला जन्मभर पुरवठा करील, काळजी नको. पैसे खर्च करायचेच तर मास्कवर कर, गाळणीच्या डब्या लावलेला चांगला मास्क, आणि खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. आम्ही तोंडाला ओला रुमाल बांधून रंग मारले. माझ्या बरोबरीच्या रंगाऱ्यांचा खोकला तू ऐकला आहेस, म्हणून इथे मी जास्त लिहीत नाही, पण यात काटकसर केलीस तर मात्र मी बोलणार नाही तुझ्याशी.

तिरंगी वर्तुळांचे डिकॅल अगदी शेवटी, आणि त्याआधी अंगावर चकचकीत वार्निशचा हात हवाच. मॅट रंग बारीक खरबरीत असतो, त्यावर डिकॅल लावला की खाली हवा अडकते आणि पांढरे चट्टे दिसतात. सगळं झाल्यावर, वरचा मॅटचा हातसुद्धा वाळल्यावर, वैमानिकाच्या काचेवरची चिकटपट्टी काढायची. कारखान्यात डोळ्यांची आखणी अशीच सगळ्यात शेवटी होते, आणि ती एकच माणूस करतो, सकाळी, कुणाशी न बोलता. माझे हात आता कापतात म्हणून मी आखणी सोडली, पण तुझ्या विमानाची ती पट्टी काढताना मी शेजारी बसलो तर चालेल का?

माघी गणपतीच्या मूर्ती कारखान्यातून गेल्या की मी येतोच. बाबांना सांग, पेणहून एसटीनं पनवेलला उतरेन, पुढचं मी बघतो, रजा काढून स्टेशनवर उभं राहायची गरज नाही. माझी जुनी पाणी काढायची बाटली बरोबर आणतो, तुझ्या नळीला बसते का बघू. तोवर विमान घासून, धुऊन, प्राइमरचा एक हात देऊन ठेव. रंग मी आल्यावर. आजी पोह्याचे पापड आणि मिरगुंडं देते आहे, ती तुझ्या रंगाच्या खोलीत ठेवू नकोस, मागच्या वेळी सगळ्या डब्याला थिनरचा वास लागला होता आणि ऐकून मला घ्यावं लागलं.

तुझे,
आजोबा